पर्किसांच्या टीव्हीतला बिघाड

रविवार, ५ जानेवारी १९७५

नव्या वर्षाचे संकल्प करायला उशीर झाला, पण तो माझ्यामुळे नाही. एक तारखेला डोकं दुखत होतं आणि दोन तारखेपासून आई बोलत होती.

पहिला संकल्प, रागावर ताबा. दुसरा, ग्लेनिस पर्किसशी लग्न. तिसरा, कॉलेज मध्येच का सोडलं याचा खुलासा कुणालाही द्यायचा नाही. खुलासा एवढाच, की मी काढलेलं बॉयलरचं ड्रॉइंग वर्गासमोर उंच धरून सरांनी विचारलं, थ्रॉवर, यात चहापत्ती कुठून टाकायची? मी पट्टी मोडली, दार आपटलं आणि निघालो. प्रश्न तत्त्वाचा होता. दाराची काच हा प्रश्न वेगळा आहे. आई म्हणते, इंजिनियर झाला असतास रे मेल्या. मी म्हणालो, अजूनही होईन, फक्त कॉलेजशिवाय. ती म्हणाली, मग बिस्किटांच्या कारखान्यात तरी जा. याला म्हणतात दूरदृष्टीचा अभाव.

ग्लेनिसच्या बाबतीत अडचण एकच आहे. तिचा बाप. नाताळात त्यांनी मला चहाला बोलावलं होतं. सगळे नाताळच्या रिवाजाप्रमाणे डोक्यावर कागदी मुकुट घालून टीव्हीसमोर बसलेले. सेसिल हफमच्या 'गवतावर चालू नये'चा नाताळचा खास भाग. हफम म्हणजे बागेचा रखवालदार मिस्टर स्प्रॉट. अख्खं इंग्लंड त्याच्यावर जीव टाकतं, पण पर्किस टाकतात तसा त्यांनी सख्ख्या भावावरही टाकला नसेल. स्प्रॉटची ती गप्प राहण्याची जागा आली. तो टोपी काढतो, समोर बघतो, काही बोलत नाही, बघतच राहतो. देश श्वास रोखून बसतो. मग तो नुसतं म्हणतो, बरं. आणि देश कोसळतो.

नेमका त्या गप्प राहण्याच्या मध्ये मी ग्लेनिसला म्हणालो, की मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय. पर्किस म्हणाले, श्शू!

मला कुणी श्शू केलेलं चालत नाही. मी उठलो, टीव्हीच्या पुढ्यात उभा राहिलो आणि तरुणांचं तोंड दाबणाऱ्या समाजाबद्दल चार शब्द बोललो. चार शब्द संपेपर्यंत 'बरं' होऊन गेलं होतं.

पर्किस अगदी हळू आवाजात म्हणाले, कीथ थ्रॉवर, या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. गुलाबी मुकुट घातलेला माणूस इतका भयंकर दिसू शकतो याची मला कल्पना नव्हती.


शुक्रवार, १० जानेवारी

'गवतावर चालू नये'चे नवे भाग सुरू. आईबरोबर पाहिला. शत्रूच्या आवडीचा कार्यक्रम असला तरी त्यात स्प्रॉटचा काय दोष?

बदकांना रांगेत उभं करण्याचा प्रवेश बरा होता. त्यावर प्रेक्षकांतली एक बाई अशी फिस्कन हसली की आई विणता विणता थांबली. म्हणाली, अगं बाई, अगदी आपली एडना! एडनामावशीला जाऊन बरीच वर्षं झाली. आईने डोळे पुसले, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, जणू एडना आत्ताच बसून गेली.

माझा कप हवेत राहिला.

कोण कुठली बाई. आमच्या घरात आली, हसली, गेली. बेल वाजवली नाही. पाय पुसले नाहीत. कुणाच्या बापाला विचारलं नाही.


शनिवार, ११ जानेवारी

योजना तयार. साधी आणि अचूक.

कार्यक्रमाचं चित्रण दर रविवारी लंडनच्या स्टुडिओत, खऱ्या माणसांसमोर होतं. त्यांचं हसणं टेपवर जातं आणि शुक्रवारी साडेआठला घराघरात पोचतं. तिकीट फुकट. आपला पत्ता लिहिलेलं, स्टॅम्प लावलेलं पाकीट पाठवायचं की झालं. आणि माझं हसणं अख्ख्या रेडिंगमध्ये कुणासारखं नाही. बढाई नव्हे. ते आधी आत ओढलं जातं, मग वर चढतं आणि शेवटी तुटक तुटक आपटतं. त्यावरून सिनेमाच्या मॅनेजरने मला अंधारातून अचूक शोधून बाहेर काढलेलं आहे. लहानपणी डॉक्टरांनी घसा तपासला होता, काही सापडलं नाही. म्हणजे देणगी.

पर्किसांनी मला दार बंद केलं. टीव्ही कसा बंद करतील? यापुढे दर शुक्रवारी मी त्यांच्याच सोफ्यासमोर, त्यांच्याच भाड्याच्या टीव्हीतून, त्यांच्याच मुलीवरचं प्रेम व्यक्त करणार. आणि ते मला श्शू करू शकणार नाहीत. म्हणजे करतील, पण मला ऐकू येणार नाही.

ग्लेनिस ओळखेलच. प्रेम असेल तर ओळखेल.


रविवार, १९ जानेवारी

स्टुडिओ. बाहेर रांगेत सगळी पेन्शनर मंडळी, डब्यात सँडविच, मांडीवर कोट. आत गेल्यावर डिकी नावाचा एक चमकदार जाकीट घातलेला माणूस आला. कार्यक्रमाआधी प्रेक्षकांना तापवून ठेवणं हे त्याचं काम. मला म्हणाला, पोरा, कुठला तू? मी म्हणालो, रेडिंग. तो म्हणाला, तरीच सगळा भुगा झालेला दिसतोस! रेडिंग म्हणजे बिस्किटांचं गाव, त्यावरून विनोद. सगळे हसले. मी उठणार होतो, पण पहिला संकल्प आठवला. अर्धा उठून बसलो.

छताला माइक टांगलेले असतात. ग्रामोफोनला शिंगं फुटावीत तसे. बरोबर एकाच्या खालची खुर्ची पकडली, त्यासाठी एका आजोबांना जरा सरकावं लागलं.

स्प्रॉटने टोपी काढली. शांतता. सगळ्यांच्या हसण्यात माझं हसणं हरवून चालणार नव्हतं. म्हणून मी शांततेतच हसलो.

हफम यांचा डोळा किंचित हलला. कौतुकाने असणार. पुढच्या बाईंनी वळून पेपरमिंटची गोळी दिली.


शुक्रवार, २४ जानेवारी

आलं! अगदी स्पष्ट! आत ओढलं, चढलं, आपटलं!

आई म्हणाली, अरे देवा, स्टुडिओत गाढव शिरलंय. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, कीथ. मी म्हणालो, हो. ती म्हणाली, शेजाऱ्यांना सांगू नकोस. मग बराच वेळ विणत राहिली. टाके चुकत होते. भावना दाटून आल्या असतील.


शनिवार, २५ जानेवारी

बेकरीत गेलो. ग्लेनिस तिथे काउंटरवर असते. पर्किसांची बंदी घरापुरती आहे, पावाला लागू नाही.

सहज विचारल्यासारखं विचारलं, काल पाहिलास का? ती म्हणाली, कसला पाहतेय, बाबांनी टीव्हीला असे दणके घातले की वरची फुलदाणी खाली आली. आज सकाळपासून टीव्ही भाड्याने देणाऱ्या दुकानात फोन करून ओरडताहेत. मग माझ्याकडे ओठ दाबून पाहत राहिली आणि म्हणाली, कीथ, तुझा घसा बरा आहे ना रे?

घशाची चौकशी! आपुलकी अशी नकळत बाहेर पडते.

म्हाताऱ्यालाही आवडलेलं दिसतंय. उत्साहाच्या भरात माणूस टीव्ही थोपटतो. दुकानात बहुधा मोठा सेट मागितला असेल. चारऐवजी सहा बन घेतले. आनंद.


शुक्रवार, ३१ जानेवारी

रविवारी पुन्हा स्टुडिओ, पुन्हा त्याच माइकखाली. आज पर्किसांच्या समोरच्या बस स्टॉपवर उभा राहिलो, परिणाम प्रत्यक्ष बघायला. बस चार वेळा थांबली, ड्रायव्हर शेवटी हात करून पुढे गेला.

दारात टीव्हीच्या दुकानाची निळी व्हॅन. लांब पायांचा एक पोरगा हत्यारांची पेटी घेऊन आत. पडदा अर्धा उघडा होता. टीव्हीची पाठ काढून ठेवलेली, पोरगा आत डोकं घालून बसलेला, पर्किस त्याच्या पाठीकडे बोट दाखवून काहीतरी समजावतायत. आवाज वाढवून घेतायत! शाब्बास!

ग्लेनिसने त्या पोराला चहा दिला. मनाची मोठी आहे.


शनिवार, १ फेब्रुवारी

तो व्हॅनवाला कॅफेत भेटला. रेमंड टिबेट्स. सरळ पोरगा. आपणहून गप्पा मारल्या.

म्हणाला, काय सांगू यार, चक्रम केस आहे. आठवडाभर सेट गुणी बाळासारखा चालतो, आणि शुक्रवारी स्प्रॉटने टोपी काढली रे काढली की खिंकाळतो! स्पीकर बदलला, तारा बदलल्या, एरियल फिरवली. आमच्या आईच्या सेटला तोच रोग. एकाच खेपेतले सेट असणार.

मला इतकं हसू आलं, पण दाबलं. खरं सांगितलं असतं तर आवाजाची बातमी पर्किसांपर्यंत गेली असती. उलट त्याला मदतच केली. म्हणालो, मित्रा, बिघाड शुक्रवारी साडेआठलाच होतो ना? मग तू दर शुक्रवारी साडेआठला तिथेच ठाण मांडून बसायला हवं. रोगी खोकताना डॉक्टर हजर नको? त्याचे डोळे चमकले. म्हणाला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग हळूच म्हणाला, ती चहा देणारी मुलगी कोण रे? मी सांगितलं, ग्लेनिस, आणि गिऱ्हाइकाच्या घरात नीट वाग. तिला व्हायोलेट क्रीमची चॉकलेटं आवडतात, जांभळा रंग आवडतो, वडिलांबद्दल वाकडं बोललेलं आवडत नाही. एवढं सांभाळलंस तर दुकानाचं नाव राहील. त्याने हे सगळं सिगरेटच्या पाकिटावर लिहून घेतलं.

बिचारा. अशी माणसं आयुष्यभर दुसऱ्याचे आवाज दुरुस्त करत राहतात.


रविवार, ९ फेब्रुवारी

शुक्रवारी व्हॅलेंटाइनचा दिवस, म्हणून आजचं हसणं खास. कार्ड पाठवणार नाही. कार्ड कुणीही गाढव पाठवतं.

बदकघराचं दार अडकलं, म्हणून प्रवेश पुन्हा करावा लागला. डिकीने प्रेक्षकांना सांगितलं, मंडळी, पहिल्यांदाच ऐकतोय असं हसायचं. मी तयारीत होतो. जरा जास्तच. स्प्रॉट झुडपामागून यायच्या आधीच माझं सुरू झालं. डिकी धावत आला, कानात म्हणाला, बाबा रे, त्याला टोपी तर काढू दे! तिसऱ्यांदा प्रवेश केला. तेव्हा बरोबर लागलं. माइकला लावून, लांबलचक, शेवटी एक जादा आपटणं. ते जादाचं तिच्यासाठी.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बस स्टॉप. थंडी. पडदा आज जास्त उघडा.

साडेआठ वाजून गेल्यावर पर्किस अचानक खुर्चीतून उडाले आणि टीव्हीवर मूठ उगारली. रेमंड सेटमागे गुडघ्यांवर. ग्लेनिस त्याच्यासाठी टॉर्च धरून. आणि दुसरा हात तोंडावर. खांदे गदगदत होते. हसत होती! माझ्याबरोबर! अर्ध्या इंग्लंडच्या देखत, आम्ही दोघंच.

टॉर्चचा उजेड बराच वेळ टीव्हीवर नसून रेमंडच्या तोंडावर होता. हात थरथरत असेल बिचारीचा.


शनिवार, १५ फेब्रुवारी

ग्लेनिसच्या केसांत जांभळी रिबन. गुणगुणत होती. काउंटरखाली व्हायोलेट क्रीमचा डबा, अर्धा संपलेला. कुणी दिला विचारलं नाही. मत्सर मला शोभत नाही. रेमंडने दिला असेल, ग्राहकसेवा म्हणून. सल्ला माझाच होता.

म्हणाली, कीथ, तू फार चांगला आहेस हं. असंच चालू ठेव.

असंच चालू ठेव! याहून स्पष्ट मुलगी काय बोलणार? येताना दिव्याच्या खांबाला मिठी मारली. आईने खिडकीतून पाहिलं. बिस्किटांच्या कारखान्याचा विषय पुन्हा.


रविवार, २३ फेब्रुवारी

आज अन्याय झाला. जसा झाला तसा लिहून ठेवतो.

पहिल्या प्रवेशात मी नेहमीप्रमाणे हसलो. मग दुसऱ्यात स्प्रॉटने टोपी काढली आणि गप्प राहिला. मी हसलो. तो गप्पच. मला वाटलं, आणखी हवंय. आणखी दिलं. मग त्यांनी टोपी हातातच ठेवली आणि सेटवरून चालत थेट आमच्या रांगेसमोर आले. स्प्रॉट नव्हेत, सेसिल हफम. जवळून लहानखुरे दिसतात. कपाळावर पावडरीतून घाम.

विचारलं, बाळ, नाव काय तुझं? मी सांगितलं. म्हणाले, कीथ, तू कुणासाठी हसतोस रे? मी छाती काढून म्हणालो, प्रेमासाठी! अख्खा स्टुडिओ हसला. हफम हसले नाहीत. माझ्या रांगेच्या कठड्यावर टेकले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, मी गप्प होतो तेव्हा ही सगळी माणसं माझ्याबरोबर गप्प होतात. मला येतं ते एवढंच बघ. तू मात्र एकटाच पुढे निघून जातोस.

सेसिल हफम यांच्या मते मी सगळ्यांच्या पुढे आहे. हे इथे नोंदवून ठेवतो.

नंतर डिकी म्हणाला, दोस्त, खांबामागे बस, नाहीतर घरी जा. पहिला संकल्प इथे मोडला. मी त्याच्या चमकदार जाकिटाची कॉलर धरली. त्याने मला उचललं आणि छत्री ठेवावी तसं दाराबाहेर ठेवलं. गेटवरच्या माणसाने नाव विचारून घेतलं. पुन्हा तिकीट नाही.

आणि पुढच्या रविवारी शेवटचा भाग आहे!


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आजच्या भागात पहिल्या प्रवेशातलं माझं हसणं तसंच होतं. मला बाहेर ठेवलं तरी ते आतच राहिलं. शेवटी सत्य टिकतं.

आणखी एक. आई म्हणाली, कपाटात दोन तिकिटं आहेत, शेवटच्या भागाची, माझ्या नावाची. जानेवारीतच मागवली होती. तू दर वेळी एकटाच जातोस, मला काय बघावंसं वाटत नाही? मी तिच्या पाया पडायच्या बेतात होतो. ती म्हणाली, अट एकच, माझ्याशेजारी माणसासारखं बसायचं. मी म्हणालो, अर्थात. अर्थात म्हणजे होकार नव्हे.


शनिवार, १ मार्च

निर्णायक दिवस.

रेमंड कॅफेत. चेहरा पांढरा. म्हणाला, काल म्हाताऱ्याने दम दिला. शेवटचा भाग धडपणे ऐकू आला तर तू माझा मुलगा, नाहीतर सेट आणि तू, दोघंही व्हॅनमध्ये. मी त्याला धीर दिला. जुनी माणसं कारागिराला प्रेमाने मुलगा म्हणतातच. तो म्हणाला, तसं नाही रे, मी... आणि चहात नुसता चमचा फिरवत बसला. सेट परत गेला तर त्याची नोकरी जाईल अशी भीती असणार. वाईट वाटलं. पण प्रेमापुढे एका नोकरीचं काय?

तिथून बेकरी. ग्लेनिसला स्पष्ट सांगितलं, शुक्रवारी स्प्रॉटने टोपी काढली की नीट ऐक. त्यात माझा प्रश्न असेल. आयुष्याचा.

ती पांढरीफटक पडली. म्हणाली, कीथ, नको. मी म्हणालो, घाबरू नकोस. ती म्हणाली, कीथ, हात जोडते, या एका वेळी नको ना रे! हातातल्या पावाचा पार चेंदा झाला.

लाजली.


रविवार, २ मार्च

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही.

गेटवर टोपी डोळ्यांवर ओढून आईच्या मागून आत शिरलो. आईने निळा कोट घातलेला, जो ती लग्नांना घालते. माइकखाली बसलो. श्वास साठवला. नवं हसणं तयार होतं, घरी न्हाणीघरात बसवलेलं. अखेरीस दोनदा आपटणारं. एक आपटणं म्हणजे लग्न, दुसरं म्हणजे करशील का.

शेवटचा प्रवेश. बाग बंद करून तिथे गाड्या उभ्या करायची जागा होणार. सगळे निघून गेलेत. स्प्रॉट एकटाच 'गवतावर चालू नये' या पाटीपाशी. इकडे बघतो, तिकडे बघतो. मग बाकावर बसून बूट काढतो. मग मोजे. मोज्यांची नीट घडी करतो. आणि इतकी वर्षं ज्या गवतावरून त्याने लोकांना हाकललं, त्यावर एक पाऊल ठेवतो. अगदी अंगठ्याने, पाणी गरम आहे का बघावं तसं.

टोपी काढतो. गप्प.

मला हसायचं होतं. माइक डोक्यावर होता. पण मी माइककडे बघत नव्हतो. मी त्या पायाकडे बघत होतो. सगळे गप्प होते आणि मीही त्यांच्यातच होतो.

मग तो म्हणाला, बरं.

आणि आई हसली. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पर्स पडली, चष्मा निघाला, तिने माझा दंड धरला. मग मलाही आलं. आत ओढलं नाही, चढलं नाही, आपटलं नाही. चारचौघांसारखंच. कुठलं माझं आणि कुठलं शेजारच्या आजोबांचं ते मलाही सांगता आलं नसतं.

बसमध्ये आईने विचारलं, काय झालं रे, बरं नाही का?


शुक्रवार, ७ मार्च

आशा होती, की टेपवर काहीतरी आलं असेल. घरी कान लावून बसलो. गर्दी हसली. नुसती गर्दी.

धावत पर्किसांच्या घराकडे. शब्दांतच विचारणार होतो, जे काय व्हायचं ते होवो. बस स्टॉपपर्यंत पोचलो तोच त्यांचं दार उघडलं. पर्किस सपाता घालून बाहेर आले आणि साऱ्या गल्लीला ओरडून सांगू लागले, झाला! दुरुस्त झाला! एक चरा नाही, एक खरखर नाही! पोराने करून दाखवलं! शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आतून रेमंडला हाताला धरून आणलं आणि त्याच्या दोन्ही गालांवर थोपटलं. इंग्लंडमध्ये कुणी कुणाला असं उघड्यावर थोपटताना मी पाहिलेलं नाही.

रेमंडने केलं काय? काही नाही! तो सेटमागे हात जोडून बसला होता, मी काचेतून पाहिलं.

बस आली. चढलो. कुठली होती पाहिलं नाही.


शनिवार, ८ मार्च

आई पाव आणायला गेली आणि पाव न घेताच परत आली. म्हणाली, कीथ, बस. मी म्हणालो, उभाच बरा आहे. ती म्हणाली, ग्लेनिसच्या बोटात अंगठी आहे. काल कार्यक्रम संपता संपता त्या टीव्हीवाल्याने विचारलं, बापाने तिच्या आधी हो म्हटलं.

मी लाथ मारायला काहीतरी शोधलं. आईने आधीच सगळं बाजूला सरकवून ठेवलं होतं.


रविवार, १६ मार्च

पर्किसांकडून आईला आणि मला चहाचं आमंत्रण. साखरपुड्याचा. निरोप असा, की आज कुणावर राग नाही, त्या थ्रॉवरच्या पोरालाही बोलवा. जाणार नव्हतो. गेलो ते फक्त ग्लेनिसला सत्य सांगायला. ऐकल्यावर तिने अंगठी काढून ठेवली असती.

स्वयंपाकघरात गाठलं. म्हणालो, ग्लेनिस, तो आवाज मी होतो. ती सँडविचच्या कडा कापत म्हणाली, माहितेय. म्हणालो, कधीपासून? म्हणाली, पहिल्या शुक्रवारपासून. तुझं हसणं ओळखायला काय कान तपासून घ्यावे लागतात? मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर रेमंड दर शुक्रवारी आला असता का? मग सुरी खाली ठेवली, माझ्या गालाचा पापा घेतला आणि म्हणाली, आणि शेवटच्या वेळी गप्प राहिलास, ते मी जन्मात विसरणार नाही, कीथ. फक्त बाबांना कळू देऊ नकोस. रेमंडने सेट दुरुस्त केला असंच त्यांना वाटू दे. शपथ घातली. तिच्या गळ्याची.

शपथ घेतली. आणखी काय करणार?

बाहेर सगळे टीव्हीभोवती. पर्किसांनी मला सोफ्यावर मधोमध बसवलं, खांद्यावर हात टाकला आणि पाहुण्यांना सेटच्या आजाराची गोष्ट सांगायला घेतली. म्हणाले, मंडळी, ऐका, कसा आवाज यायचा तो! आणि त्यांनी करून दाखवला. आधी आत ओढला, मग चढवला, मग आपटला. व्हॅलेंटाइनचं जादाचं आपटणंसुद्धा. हुबेहूब. माणसं गडबडा लोळली. रेमंडचे काका खुर्चीवरून घसरले. माझ्या आईनेही रुमाल तोंडात कोंबला.

मलाही आलं. पोटातून, जोरात, जुनंच. दारात ग्लेनिस हात जोडून उभी, रेमंडचा चेहरा पिठासारखा. एक अख्खं हॅमचं सँडविच तोंडात सारलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.

हसणं ओसरल्यावर पर्किसांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग मान हलवून पाहुण्यांना म्हणाले, बिचाऱ्याला विनोदच कळत नाही.